शुक्रवारची सुभद्रा

मावशीचा स्वतःचा आवाज फार बारीक होता. समोर बसलेल्या माणसालाही 'काय म्हणालात?' असं दोनदा विचारावं लागायचं. पण त्याच गळ्यातून गावच्या मेलेल्या पाटलाचा दरडावणीचा आवाज, खोकत खोकत गेलेल्या एखाद्या म्हाताऱ्याचा घोगरा आवाज, बाळंतपणात गेलेल्या पोरीचा लाजरा आवाज असा हुबेहूब निघायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारची जेवणं आटोपली की ती आपल्या खोलीत पाटावर बसायची, केस मोकळे सोडायची, मान खाली घालायची आणि मेलेली माणसं बोलू लागायची. तिच्या अंगात देवीचं वारं येतं आणि त्या वाऱ्यासोबत मेलेल्यांचे निरोप येतात, असा सगळ्या शिवाराचा विश्वास होता. लोक तिला 'निरोपवाली' म्हणायचे. मी मावशी म्हणायची.

मी तिची भाडेकरू होते. नर्सचं शिक्षण संपवून एकविसाव्या वर्षी मला पहिली नेमणूक मिळाली ती शहागडपासून पायी तासाभराच्या अंतरावर, गोदावरीच्या काठच्या एका गावात. उपकेंद्राला तेव्हा इमारत नव्हती. मुक्कामही गावातच करायचा, आणि दवाखानाही राहत्या खोलीतच मांडायचा. एकट्या पोरीला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी एकट्या बाईनंच दिली. या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली.

पहिल्या मंगळवारी पलीकडच्या खोलीतून पुरुषी ओरडणं ऐकून मी दाराला कडी घालून बसले होते. संध्याकाळी भाकरी थापता थापता मावशी आपणहून म्हणाली, "हे समदं खोटं हाय बरं का, पोरी. तू शिकलेली. उगं भ्या वाटायला नको, म्हनून सांगते."

मी थक्क झाले. "मग करता कशाला?"

"दुसरं काय येतंय मला?" ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तिला भोकरदनकडं, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला दिलेलं होतं. वर्षभरात नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आई नुकतीच वारली होती. भावजयीला ती घरात नको होती. एके दिवशी भावजयीनं तिचं बोचकं बाहेर ठेवलं, भाऊ मान खाली घालून उभा राहिला, आणि हिच्या तोंडून आईचा आवाज निघाला: "बापू, माझ्या लेकीला कुठं घालवतो रं?" लहानपणापासून ती नकला करायची. पण त्या दिवशी नक्कल करायचं तिच्या मनात नव्हतं, असं ती म्हणायची. "रडू आल्तं. ते आईच्या आवाजात आलं." भावानं तिचे पाय धरले. आईच्या वाट्याच्या दोन खोल्या तिला दिल्या. रेणुकाईच्या देवळात वारं आलेल्या बायका तिनं सासरी असताना पाहिल्या होत्या. केस कसे सोडायचे, घुमायचं कसं, ते तिला ठाऊक होतं. पुढं लोक आपोआप येत गेले.

तिची खरी विद्या ऐकण्याची होती. शहागडच्या स्टँडवर ती तासन् तास बसायची. बायका बसची वाट बघत बोलत, आणि हिच्या डोक्यात ते सगळं जाऊन बसे. मयतीला ती हमखास जायची. कोण काय म्हणून रडतंय, गेलेल्याची कोणती सवय सांगतंय, ते टिपून ठेवायची. "मानूस जातं, पन त्याची बोलायची ढब घरात ऱ्हाती," ती म्हणायची. जिवंत माणसाचा निरोप मात्र तिनं कधी दिला नाही. कुणी परागंदा झालेल्या मुलाचं विचारायला आलं तर सरळ परत पाठवायची. मला म्हणाली, "उद्या तो सवता दारात येऊन उभा राह्यला मंजी?"

माझ्यावर तिनं एक मोठा उपकार केला. लसीकरणाला गावात कुणी पोर आणत नसे. तापानं फणफणलेली लेकरं आधी मावशीकडं यायची. मी एकदा तिच्यापुढं रडले. त्याच्या पुढच्या मंगळवारी एका घरचा मेलेला आजा घोगऱ्या आवाजात गरजला, "नातवाला नर्सबाईकडं ने! जल्दी ने! सुई टोचून घे!" महिनाभरात निम्म्या गावाच्या पूर्वजांनी माझी शिफारस केली. तालुक्याच्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घालून उभी होते.

मिस्त्री आला तो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. शहागडला हमरस्त्याच्या कडेला त्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे त्याचं काम. चाळिशीचा, उंच, खांद्यातून थोडा वाकलेला माणूस. हातावर वॉर्निशचे डाग. बायको सुभद्रा वर्षापूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. तो घरातून निघताना तिनं अंगात कणकण आहे, जाऊ नका, असं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुझं रोजचंच हाय," आणि नदीपलीकडं गेवराईच्या बाजूला कामाला निघून गेला. चार दिवसांनी परतला तोवर तिला माहेरी नेलं होतं, आणि कावीळ डोक्यात जाऊन ती संपलीही होती.

त्यानं पाटासमोर बसून एकच विचारलं, "सुभद्रे, तू रागात गेलीस का गं?"

मावशीनं सुभद्रेला स्टँडवर चार-सहा वेळा बोलताना ऐकलं होतं. तेवढं तिला पुरे होतं. "न्हाई वो," ती जराशा सानुनासिक, हळुवार आवाजात म्हणाली. "राग कशाचा? तुमची वाट बघून राह्यले होते." मिस्त्रीनं कपाळ जमिनीला टेकलं आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. मधल्या दाराच्या फटीतून मी ते पाहिलं.

मग तो दर शुक्रवारी येऊ लागला. बाकीचे लोक प्रश्न घेऊन यायचे: बांध कुणाचा, दागिना कुठं ठेवला, पोरीचं लग्न कधी. मिस्त्री काही विचारत नसे. तो बोलत बसायचा. "आज एका मोटारीत उंदरानं घर केल्तं, सुभद्रे. चार पिल्लं. मंग तो शेतकरी म्हनला, ऱ्हाऊ द्या दोन दिवस, डोळे उघडू द्या त्यांचे. पिकाला पानी न्हाई आन् हा उंदराचं बघून राह्यला!" यावर सुभद्रा हसली. ते हसणं मी ओळखलं. दूध उतू गेलं, मांजरानं भाकरी पळवली, की मावशी अशीच हसायची. ते हसू कोणत्याही मेलेल्या बाईचं नव्हतं.

हळूहळू मला दिसू लागलं. शुक्रवारी ती शिकेकाईनं न्हायची. एकच चांगलं हिरवं लुगडं होतं, ते शुक्रवारी निघायचं. मंगळवारी लोक गेले की लगेच केस बांधून कामाला लागणारी मावशी, शुक्रवारी मिस्त्री गेल्यावर दिवस कलेपर्यंत त्याच पाटावर, केस तसेच मोकळे ठेवून बसून राहायची. मी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तो सुभद्रेला 'तू' म्हणायचा, लाडानं रागवायचा, विचारायचा, "ऐकून राह्यली ना?" आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मावशीला मान लववून म्हणायचा, "येतो, बाई." तो सगळा जिव्हाळा तिच्यासमोरच बोलला जायचा. पण तिच्यासाठी म्हणून 'येतो, बाई' एवढंच असायचं.

"मावशी, तुमचा जीव जडलाय त्यांच्यावर," मी एकदा म्हणाले.

ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "जडून काय करतो? ते माझ्याशी एक शबुद तरी बोललेत का?"

अशी तीन वर्षं गेली. मग स्टँडवरच तिच्या कानावर आलं की मिस्त्रीच्या चुलत्यानं त्याच्यासाठी जांब समर्थच्या बाजूची एक विधवा बाई पाहिली आहे, आणि 'सुभद्रेला विचारल्याबिगर मी काही करनार न्हाई' असं मिस्त्रीनं सांगितलं आहे. गुरुवारी संध्याकाळी मावशीनं स्वयंपाक केला नाही. ओट्यावर बसून होती.

मला तेव्हा स्वतःच्या अकलेचा फार भरवसा होता. मी म्हणाले, "त्यात काय अवघड आहे? सुभद्रेच्या तोंडून सांगा, की जिच्या तोंडून मी बोलते तिलाच घरी न्या. ते ऐकतील. तुम्हाला ठाऊक आहे, ते ऐकतील."

"ऐकतीन की," ती म्हणाली. "घरी बी नेतीन. आन् जल्मभर सुभद्रेशी संसार करतीन. मी कुठं त्यात?"

"मग 'लग्न करू नका' म्हणा. निदान येत तरी राहतील."

"ते तर मी तीन वर्सं करूनच राह्यले."  ती म्हणाली, "मानूस वाळून चाललंय, पोरी. मेलेल्या बाईशी बोलायला आठ दिवस थांबतंय. मला बरं वाटायचं म्हनून मी त्याला धरून ठिवलं."

दुसऱ्या दिवशी तिनं केस धुतले, पण सोडले नाहीत. घट्ट अंबाडा घातला आणि पाट भिंतीला उभा केला. मिस्त्री आला, पाट नाही हे पाहून गोंधळला आणि खालीच बसला. मधलं दार अर्धवट उघडं होतं. मी ते लावायला हवं होतं, पण लावलं नाही.

मावशी काहीतरी म्हणाली. मिस्त्री पुढं वाकला. "काय म्हनलात?"

तिच्या त्या बारीक आवाजानं तिला तेव्हाही सोडलं नाही. सगळं बळ एकवटून जे एकदा बोलली होती, ते तिला पुन्हा बोलावं लागलं. "आज सुभद्रा येनार न्हाई. ती कधीच येत नव्हती. मीच बोलत होते."

 तो अगदी सावकाश म्हणाला, "ती रागात गेली न्हाई, असं म्हनली होती."

"ते बी मीच म्हनले."

"मंग ती रागात गेली का?"

"मला काय ठाव?" मावशी म्हणाली, आणि तिथं तिचा आवाज फुटला. "मी तिला चार डाव स्टँडवर बघितली. मला काय ठाव, धनी?"

धनी हा शब्द तिच्या तोंडून सुटला. मिस्त्रीनं तो ऐकला की नाही कोण जाणे. तो उठला, चपला पायात घालण्याऐवजी हातात घेतल्या आणि तापलेल्या फुफाट्यातून अनवाणी चालत गेला. सुभद्रेची क्षमा तीन वर्षं त्याच्यापाशी होती. ती मावशीनं काढून घेतली होती, आणि बदल्यात द्यायला तिच्याकडं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मावशीनं निरोप बंद केले. मिस्त्रीनं गावात अवाक्षर काढलं नाही. तिनं स्वतःच सांगितलं, आता वारं येत नाही म्हणून. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे बाईनं विटाळ केला. एक बाई होती, तिचा सात वर्षांचा पोरगा नदीत बुडाला होता. ती दर मंगळवारी यायची. ती उंबऱ्यावर बसून राहिली, उठेचना. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली. "मला येत न्हाई, माय. कधीच येत नव्हतं."

"मला ठाव हाय," ती बाई म्हणाली. "माझं लेकरू बोबडं होतं. तू बोबडं बोलत नव्हतीस. तरी बी बोल."

मावशीनं तिला कुशीत घेतलं, पण ती बोलली नाही. ती बाई गेल्यावर मला म्हणाली, "हिला न्हाई म्हनताना जेवढं लागलं, तेवढं मिस्त्रीला सांगताना बी लागलं न्हाई." मला ते खरं वाटलं नाही. पण दोन्ही वेळा मी भिंतीपलीकडंच होते. मला काय कळणार?

ती कापूस वेचायला, खुरपायला जाऊ लागली. पन्नास गावची माणसं ज्या अंगणात बसायची तिथं कुणी फिरकेना. बायका विहिरीवर बाजूला व्हायच्या. मी नसते तर दिवसच्या दिवस तिला कुणाशी बोलायलाही मिळालं नसतं.

सात महिन्यांनी, एका बुधवारी मिस्त्री आला. मी ओट्यावर एका लेकराला डोस पाजत होते. मावशी रानातून येऊन पाय धूत होती. तो अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी सुभद्रेच्या माहेरी गेल्तो. सासूला इचारलं. ती म्हनली, रागातच गेली. शेवटपोतर माझं नाव काढलं न्हाई."

मावशी तांब्या धरून उभी राहिली.

"दुसरं कुनाला सांगावं कळंना," तो म्हणाला. "म्हनून आलो."

तिनं घोंगडी टाकली. तो बसला. तिनं पाणी आणून दिलं. मग तो म्हणाला, "तीन वर्सं मी तुमच्याशी बोललो. तुमचं नाव काय, ते बी मला ठाव न्हाई."

मला लाज वाटली. चार वर्षं तिच्या घरात राहून मीही ते विचारलं नव्हतं.

"कडूबाई," ती म्हणाली. तिच्या आधीची लेकरं जगली नाहीत, हिला तरी दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं नाव.

"काय म्हनलात?"

"कडूबाई!" ती जवळजवळ ओरडली, आणि मिस्त्री हसला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानं ती जांब समर्थची सोयरीक मोडली होती. तो पुन्हा शुक्रवारी येऊ लागला. आता ओट्यावर, उघड्यावर, गावाच्या डोळ्यांदेखत बसायचा. चहा प्यायचा, मोटारींच्या गोष्टी सांगायचा आणि पाच वाजले की पायी निघायचा. गाव बोलायचं ते बोललंच. तो तिला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणाला. "जल्मात मला कुन्या बाप्यामानसानं तुमी म्हनलं न्हवतं," ती मला सांगायची. त्यानंतर दीड वर्षानं माझी बदली झाली. निघताना तिनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि स्टँडपर्यंत पायी सोबत आली.

पुढं संसार, बदल्या, मुलं. तरी दोन-तीन वर्षांतून एकदा मी जायची. मिस्त्रीनं तिला एकदा विचारलंही होतं, घरी चला म्हणून. ती नाही म्हणाली. तीन वर्षं ज्या तोंडून सुभद्रा ऐकली, त्या तोंडातून त्याला घरात रोज तीच ऐकू येईल, ही तिची भीती होती. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं फक्त शुक्रवार चालले. मग त्याला पक्षाघात झाला. पुतण्यानं गुपचूप जालन्याला नेलं. ही सहा शुक्रवार दारात बसली. शेवटी स्टँडवर, शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायकांच्या बोलण्यातून तिला समजलं की मिस्त्रीचा तेरावाही होऊन गेला. तिला कळवावं असं कुणाला वाटलं नाही, आणि वाटावं असं तिचं त्याच्याशी नातंही नव्हतं.

मी अलीकडं गेले ती मागच्या हिवाळ्यात. आता हमरस्ता चौपदरी झाला आहे, गावात जायला डांबरी सडक आहे. मावशी अठ्ठ्याहत्तरची असेल. कान मंदावलेत. आवाज तर आणखी बारीक झालेला. बोलता बोलता ती म्हणाली, "चुकलं माझं, पोरी. जायला पाह्यजे होतं. ऐकू आली असती सुभद्रा, तर आली असती. दोघी राह्यलो असतो."

 विचारू नये ते मी विचारलं. "मावशी, कधी मिस्त्रींचा आवाज काढून पाहिलात?"

 तिनं पदरानं तोंड पुसलं. "एकदा काढला. जाताना म्हनायचे न्हाई का, 'येतो, बाई', तेवढंच. बिलकुल बराबर आल्ता. ढब सुदीक. मी उठून दारापोतर गेले."

"मग?"

"मंग काय? रस्त्यावर कुनी न्हवतं. आत आले. दार लावलं." ती म्हणाली, "लोकायला आईचा आवाज दिला, लेकराचा दिला. त्यायला ठाव नव्हतं कोन बोलून राह्यलं. मला ठाव हाय ना."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. तिला तो ऐकू आला नाही, पण माझी नजर दाराकडं गेलेली तिनं पाहिली. "जाय," ती म्हणाली. "पाचची हाय. ही गेली की मंग सकाळीच."

मी उठले, चूल पेटवली आणि पिठाचा डबा कुठं आहे ते तिला विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन, मोठ्यानं, पुन्हा विचारलं.